बुल्वेचं आजोळ

माझे भावोजी पोन्सियानो किगोझी यांना कसांजेच्या बाजारात या नावानं कुणी हाक मारत नाही. जुळी झाली की आमच्याकडे बापाचं जुनं नाव मागं पडतं आणि तो सालोंगो होतो. माझी थोरली बहीण तशीच नालोंगो झाली. बहिणीनं ते नाव मुकाट्यानं घेतलं. भावोजींनी मात्र ते असं मिरवलं, की दोन्ही पोरी यांनीच नऊ महिने पोटात वागवल्या असं परक्याला वाटावं.

धंद्यानं ते न्हावी. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, एक खुर्ची, कोपरा फुटलेला आरसा आणि तोंडाचा पट्टा. गावात कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या शेळीला काय झालं, हे सगळं त्या खुर्चीत कळायचं. हात मात्र सोन्याचा. लहान पोरं त्यांच्या वस्तऱ्याखाली झोपून जात.

या माणसाला पक्ष्यांचं खूळ लागलं ते कंपालाच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात. गेले होते पोरींना स्वेटर आणायला, आणि आले दुर्बीण घेऊन. तिची उजवी नळी आंधळी होती.

"भावोजी, स्वेटर कुठं आहेत?" मी विचारलं.

"पेरेपेतुवा, थंडी काय, येते नि जाते. तू यातून बघ."

मी बघितलं. मला माझीच पापणी दिसली.

तेव्हापासून दर रविवारी चर्च सुटलं की आमची वरात दलदलीकडे निघायची. पुढे भावोजी, गळ्यात दुर्बीण. मागे जुळ्या, बाबिर्ये आणि नाकातो, कोण आधी बघणार यावरून एकमेकींना ढकलत. त्यांच्या मागे डोक्यावर मटोक्याची, म्हणजे उकडलेल्या केळ्यांची, टोपली घेतलेली नालोंगो, आणि सगळ्यात शेवटी मी, कारण माझं लग्न झालेलं नाही, शिवणकाम रविवारी बंद, आणि घरी बसलं तर आई कामाला लावते.

भावोजींना पक्षी ओळखता येत होते असा गैरसमज नको. पाणकावळा पंख पसरून बसलेला दिसला की ते गंभीरपणे सांगत, "बदक आहे. पण काहीतरी दुःख आहे त्याला." पोरी पोट धरून हसायच्या आणि खरं नाव सांगायच्या, कारण त्यांच्या शाळेत भिंतीवर पक्ष्यांचं चित्र होतं. भावोजींना त्याचं काही नसे. त्यांना नावाशी देणंघेणं नव्हतं, बघण्याशी होतं. एकदा शिट्या मारत बदकांचा थवा दुकानावरून गेला तेव्हा हे वस्तरा हातात घेऊन त्यांच्यामागे पळत सुटले. खुर्चीत चर्चचे उपदेशक होते, अर्धं डोकं झालेले. त्यांनी संध्याकाळची प्रार्थना टोपी घालून सांगितली.

पण सगळ्यांत जीव होता तो बुल्वेवर. बुल्वे म्हणजे माणसाच्या छातीइतका उंच, करड्या रंगाचा पक्षी, आणि चोच अशी, की कुणीतरी लाकडी बूट तोंडावर उलटा ठोकून बसवलाय. तो उभा राहिला की राहिला. एका रविवारी आम्ही तिथं जेवलो, भांडलो, एकेक डुलकी काढली, समेट केला, तरी त्या गृहस्थानं पाय बदलला नाही. "पगारी नोकर दिसतो," नालोंगो म्हणाली. भावोजी मात्र डोळ्यांत प्राण आणून त्याच्याकडे बघत बसायचे आणि तेवढा वेळ त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नसे. आठवडाभर गावाचा असलेला माणूस तेवढा तासभर बायकोच्या शेजारी गप्प बसायचा. माझ्या बहिणीला पक्ष्यांत काडीचा रस नव्हता, पण एकही रविवार तिनं चुकवला नाही तो यामुळे. नवरा तेवढाच वाट्याला येतो, म्हणायची.

आता हा बुल्वे उभा राहायचा ती दलदलीची कड आमच्या आईची. वडील गेले आणि ती तिच्याकडे आली: थोडा उंचवटा, बाकी लव्हाळं आणि चिखलाची डबकी. त्या उन्हाळ्यात कंपालाहून चकचकीत बुटांचा एक माणूस आला. त्याला तिथं मुरूम टाकून विटांच्या भट्ट्या घालायच्या होत्या. आईच्या घराचं छप्पर गळत होतं, बेडकांना ती कंटाळली होती. ती हो म्हणाली. सोमवारी तो गावच्या मुखियाला घेऊन येणार आणि व्यवहार पुरा होणार, असं ठरलं.

ही बातमी भावोजींना दुकानात कळली. त्या दिवशी दोन कान कापले गेले.

"डबकी बुजली की बुल्वे जाणार," ते मला म्हणाले. "दुसरीकडे कुठं उभा राहत नाही तो. पेरेपेतुवा, आईंना सांग ना."

"तुम्हीच सांगा."

मी हे निव्वळ खोडसाळपणानं म्हटलं. जावयानं सासूसमोर जायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही, तिनं बसलेल्या चटईवर बसायचं नाही. भावोजी या बाबतीत इतके कडक, की एकदा आई विहिरीवरून येताना वाटेत समोर आली तर हे सायकलसकट कॉफीच्या झुडपांत शिरले आणि ती लांब जाईपर्यंत आतूनच घंटी वाजवत राहिले. सासूचा स्पर्श झाला तर जावयाचे हात थरथरायला लागतात आणि ती थरथर मरेपर्यंत सुटत नाही, असं आमच्याकडे सगळे मानतात. दुसऱ्या कुणाचे हात थरथरले तर चहा सांडेल. न्हाव्याचे थरथरले तर त्याच्या खुर्चीत कोण बसेल?

म्हणून बोलणी झाली ती अशी: आई घरात, भावोजी बाहेर केळीच्या बुंध्यांमागे आणि मी मधे उंबऱ्यावर. दोघांना एकमेकांचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"आईंना सांग, जमीन विकू नका म्हणावं," केळीतून आवाज आला.

"आई, भावोजी म्हणतात..."

"बहिरी नाहीये मी. तुझ्या भावोजींना विचार, का म्हणून?"

"भावोजी, का म्हणून?"

"तिथं बुल्वे राहतो."

हे मला पोचवावं लागलं नाही. आई ताडकन उठली. "त्याचं नाव काढू नका म्हणावं माझ्या दारात. सकाळी सकाळी त्या अवदशाचं तोंड दिसलं की तुझे वडील होडी वळवून घरी यायचे. म्हणायचे, आज जाळ्यात काही पडणार नाही. अर्धा जन्म मी नुसत्या रताळ्यांवर काढला त्या पक्ष्यापायी. आणि आता मी त्याला घर राखू?"

वडिलांना मासेमारीचा मूळचाच कंटाळा होता आणि बुल्वे हा त्यांच्या फार सोयीचा पक्षी होता, हे मला ठाऊक होतं. पण मेलेल्या माणसाची झाकली मूठ मी कशाला उघडू?

शेवटी जुळ्या कामाला आल्या. बाबिर्येनं आजीची मांडी धरली, नाकातोनं रडायचं काम घेतलं. विकण्याआधी एकदा तरी आमच्याबरोबर बघायला चल, फक्त एकदा. आई नातींपुढे कधीच टिकली नाही. "बरं, येते रविवारी," ती म्हणाली. "जाता जाता त्या मेल्याला चार शब्द सुनावते."

केळीमागून भावोजींनी टाळी वाजवली आणि लगेच, मच्छर मारला असं दाखवायला, अजून एक वाजवली.

त्यांनी दोन होड्या सांगून ठेवल्या होत्या. एक सासूची, एक जावयाची, मधे भरपूर पाणी. पण रविवारी घाटावर गेलो तर दुसरी होडी गोरे पाहुणे घेऊन गेलेले. उरली ती एकच, अरुंद, एका झाडाच्या खोडात पोखरलेली. नाहीतर परत फिरायचं. आणि दुसऱ्या दिवशी सोमवार. इकडे आड तिकडे विहीर. भावोजी होडीकडे बघत उभे, आई आभाळाकडे बघत उभी.

मग नालोंगोनं डोकं चालवलं. आई सगळ्यात पुढे, तोंड पुढे करून. तिच्या पाठीमागे तिचीच मोठी काळी छत्री, उघडून आडवी धरलेली. मग आम्ही चौघी. आणि अगदी मागच्या टोकाला उभे भावोजी, हातात वल्हवायची काठी. होडीत टोपली ठेवताना मला केळीच्या पानाचा वास आला. आईनं पहाटे उठून पानात वाफवलेली कोंबडी केली होती, जावयासाठी. स्वतः ती कोंबडी खात नाही. जमीन विकायची ती विकायचीच, पण जावई उपाशी राहिला असं कुणी म्हणायला नको.

निघालो. छत्रीमुळे भावोजींना समोरचं काही दिसेना. पहिल्या वळणावर आम्ही लव्हाळ्यात घुसलो. दुसऱ्या वळणावर पुन्हा घुसलो.

"विचार गं त्यांना," छत्रीपलीकडून आवाज आला, "डोकीसुद्धा अशीच भादरतात का?"

"आईंना सांग, छत्री जरा खाली घ्या."

"म्हणजे माझी मान दिसेल. त्यांना सांग, दिशा मी सांगते. डावीकडे. डावीकडे म्हटलं, हे त्यांचं उजवं झालं."

असं आईनं वाट दाखवायला घेतलं आणि गंमत अशी, की तिला ते आवडायला लागलं. पाण्यावरच्या पानांवरून एक कमळपक्षी लांब बोटं टाकत चालला होता, मागे त्याची लोकरीच्या गोळ्यांएवढी पिल्लं. नाकातो म्हणाली, "आजी, यांच्यात पिल्लं बाप सांभाळतो. आई निघून जाते." आईनं होडी थांबवायला लावली. ती बराच वेळ त्या बापाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "शहाणी बाई." पुढे एक कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत राहिला आणि सरळ खाली पडला तेव्हा तर ती चक्क हसली. भावोजींना छत्रीतून हसू तेवढं ऐकू आलं. त्यांनी काठीच्या टोकानं माझ्या पाठीत ढोसलं. चेहरा असा फुलला होता की मलाच त्यांची दया आली.

बुल्वे आपल्या जागेवर होता. आईच्या जमिनीच्या कडेला, डबक्याकाठी, मान खाली घालून. भावोजींनी काठी चिखलात रोवली.

आई त्याला सुनावायला आली होती. पण तिनं तोंड उघडलं नाही. तो हलेना, ती हलेना. वारा होता तेवढा लव्हाळ्यात फिरत होता.

"उभा तर ताठ आहे," शेवटी ती हळू आवाजात म्हणाली. "तुझे वडील चर्चमध्ये असेच उभे राहायचे."

नालोंगोनं माझा हात दाबला. भावोजी तर रडायच्या बेताला आले. मला वाटलं, जमलं. आणखी थोडा वेळ तो पक्षी असाच उभा राहिला असता तर सगळं तिथंच जमलं असतं. इतके रविवार तो आमच्यासमोर ढिम्म हलला नव्हता, आजच हलेल असं कुणाच्या मनात यावं तरी का?

तो हलला. पंख फाकवून सगळ्या अंगानिशी तो डबक्यात कोसळला, चिखल उडाला, आणि डोकं वर आलं तेव्हा त्या बुटासारख्या चोचीत वामीसारखा लांब, जाड मासा वळवळत होता. एम्माम्बा. आणि आईच्या माहेरचं देवक एम्माम्बा.

देवक म्हणजे देवक. भावोजींच्या कुळाचं उदमांजर, आमच्या वडिलांच्या कुळाचं माकड, आईच्या कुळाचा हा मासा. तिच्या माहेरी एम्माम्बाला आजोबा म्हणतात. खाणं सोडाच, मेलेला दिसला तरी वाटेवरून बाजूला होऊन डोकं झुकवतात. आम्ही दोघी लेकी असून हे आमच्या डोक्यात आलं नाही. बुल्वे तिथं उभा राहतो तो कशासाठी, हे आम्ही इतक्या रविवारांत कधी विचारलंच नव्हतं. आम्हाला वाटायचं, त्याला आवडतं.

"आजोबा," आई म्हणाली, अगदी बारीक आवाजात. आणि मग बारीक नाही. "सोड. सोड मेल्या. सोड माझ्या आजोबांना."

ती उभी राहिली. छत्री मिटून तिनं भाल्यासारखी फेकली, ती बुल्वेच्या पुष्कळ अलीकडे पडली. ती फेकण्याच्या झोकानं होडी एका अंगावर गेली, पोरी किंचाळल्या, आई बाहेरच्या बाजूला कलली, दोन्ही हात हवेत. तिला पोहता येत नाही. आणि त्या चिखलात पोहता येऊनही उपयोग नसतो.

मी तिच्या सगळ्यात जवळ होते. पण मी होडीच्या कडा धरून बसले. माझ्या डोक्यावरून काहीतरी गेलं. ते भावोजी होते. काठी टाकून, आम्हा चौघींना तुडवत ते पुढे गेले आणि त्यांनी आईच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारून तिला होडीत ओढली. दोघं टोपलीवर आदळली.

होडी सावरली. भावोजींनी हात सोडले आणि समोर धरून त्यांच्याकडे बघत राहिले. हात थरथरत होते. तिकडे बुल्वेनं आजोबांना गिळलं, मान सरळ केली आणि तो पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला.

काठी वाहून गेली होती. आम्ही चौघी जेवणाच्या ताटल्यांनी पाणी मारत घाटावर आलो. आई पाठ फिरवून बसली होती, भावोजी पाठ फिरवून बसले होते आणि कोंबडीचा पार चेंदा झाला होता.

त्या दुपारी मी आईशी बोलायचा प्रयत्न केला. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या भावोजींना सांग, झाडाच्या सालीचं कापड आणून माझ्या दारात ठेवा म्हणावं. जावयानं सासूला झाकलं की थरथर उतरते. उद्या सकाळीच." जमिनीचं विचारलं तर तिनं तोंड फिरवलं. भावोजींना मी निरोप दिला तेव्हा त्यांच्याच्यानं चहाचा पेला धरवत नव्हता.

"मी सगळं घालवलं," ते म्हणाले. "आईंना तो पक्षी नुसता नकोसा होता. मी त्याला त्यांच्या आजोबांचा मारेकरी करून दाखवला. आणि आता हे हात."

पालथ्या घड्यावर पाणी घालावं तशी मी धीराची दोन वाक्यं बोलले. खरं म्हणजे मला स्वतःचीच लाज वाटत होती. पोटची पोर कडा धरून बसली आणि परक्याच्या पोरानं उडी घेतली.

सोमवारी उजाडता उजाडता भावोजी सायकल घेऊन साल कुटणाऱ्यांच्या गावी गेले आणि तांबूस, मऊ, मोठं थोरलं कापड घेऊन आले. दारात ठेवलं आणि केळीमागे जाऊन बसले. आईनं ते उचललं, कपड्यांवरून खांद्याभोवती लपेटलं आणि अंगणात चटईवर बसली. मी तिच्याजवळ. थोड्या वेळानं चकचकीत बूट आले, मागे मुखिया.

रीतसर विचारपूस झाली. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, पाऊस कधी. मग त्या माणसानं विषय काढला.

"आजी, ठरल्याप्रमाणे..."

"बाळा, तिथं मुरूम किती टाकणार तू?"

"ट्रकच्या ट्रक, आजी. एक डबकं दिसणार नाही. बेडकाचा आवाज यायचा नाही."

"आणि त्या डबक्यांत एम्माम्बा आहेत, त्यांचं काय?"

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी भाव वाढवतेय. "मासे काय आजी, कुठंही मिळतात."

"तुझे आजोबा कुठंही मिळतात का?" आईनं विचारलं.

मुखियाही एम्माम्बा कुळाचा निघाला. त्यानं आधी चटईकडे बघितलं, मग त्या माणसाच्या बुटांकडे, आणि म्हणाला, "चला साहेब, मी तुम्हाला रस्त्यापर्यंत सोडतो."

ते गेल्यावर माझ्याशी बोलल्यासारखं करत, पण केळीपर्यंत पोचेल अशा आवाजात ती म्हणाली, "रात्रभर डोळा लागला नाही माझा. तो मेला एकेकाला खातो, तेही भूक लागल्यावर. मी तर सगळ्यांना जिवंत पुरायला निघाले होते, गळक्या छपरासाठी."

मी उठून केळीमागे बघितलं. भावोजी मांडी घालून बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि रडत होते. हात स्थिर होते. कापडानं झाले की आईच्या शब्दांनी, हे मला सांगता येणार नाही, आणि कुणी विचारलं तर मी कापडानंच म्हणेन.

"पण मग आई, त्या बुल्वेचं काय?" मी परत येऊन विचारलं. "त्याला हाकलायचं का?"

आईनं खांद्यावरचं कापड नीट केलं.

"हाकलून जाईल कुठं? माझ्या आजोबांच्या जिवावर पोसलाय तो," ती म्हणाली. "म्हणजे नातूच की. तुम्ही पोरं तरी आणखी कुणाच्या जिवावर पोसलात?"